लागते का बघ

संक्रांतीच्या वाणाला यंदा स्टीलच्या वाट्या आणल्या. भुलेश्वरला जाऊन, घासाघीस करून, चाळीस नग. घरी पोचायला रात्र झाली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून तशीच लाडू वळायला बसले. बाबा समोर खुर्चीत होते. त्यांनी पिशवीत हात घालून एक वाटी काढली, उजव्या तळव्यात धरली आणि डाव्या अंगठ्याचं नख काठाच्या जरा खाली टेकवून वाटी सावकाश गोल फिरवली. एका जागी थांबले. थोडं मागे आले, पुन्हा तिथून गेले. दुसरी वाटी काढली, मग तिसरी. मग ती तिसरी वाटी माझ्यासमोर धरून म्हणाले, "लागते का बघ."

माझ्या हाताला गूळ. कढईतला पाक घट्ट होत चाललेला, फोनवर जाऊबाई हळदीकुंकवाला किती वाजता यायचं विचारत होत्या. मी वाटीकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "नाही हो बाबा, काही नाही. चांगल्या आहेत." बाबांनी वाटी खाली घेतली. स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं, मग वाटीकडे. "असेल," म्हणाले, आणि तिन्ही वाट्या पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड दुमडलं.

शनिवारी हळदीकुंकू झालं. अडतीस वाट्या गेल्या, दोन उरल्या. रविवारी रात्री भांडी पुसताना त्यातली एक हातात आली आणि पुसता पुसता माझंच नख काठाखाली अडलं. अगदी किंचित. केस आडवा आल्यासारखं. दिव्याखाली नीट धरल्यावर दिसली: काठापासून खाली बोटभर उभी रेघ, बफच्या चकाकीखाली दबलेली. दुसरी वाटी घेतली. तिच्यावरही तशीच रेघ, तेवढीच लांब. एका डायमधून, म्हणजे एका साच्यातून, निघालेल्या वाट्या सख्ख्या बहिणी असतात. म्हणजे अडतीस घरांत ती रेघ पोचली होती. पण मला झोप लागू दिली नाही ती त्या रेघेने नव्हे. बाबांनी विचारलं होतं आणि मी हात न लावता "नाही" म्हटलं होतं.

बाबांनी आयुष्यभर डाय केल्या.

लोअर परळच्या एका कंपाउंडात गाळा होता. बाबा तिथे हेल्पर म्हणून लागले तेव्हा गाळा गिरण्यांच्या कामावर चालायचा: शाफ्ट, बुश, रोलर, जे तुटेल ते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गिरण्यांवर जगणारे असे गाळे गल्लीबोळात किती होते, त्यांचं काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. आमच्या गाळ्यात सहा लेथ होते, लोखंड गोल फिरवून कापायची यंत्रं, त्यातले दोन उरले. एक राजकोटचा आणि एक जुना किर्लोस्करचा, ज्याला बाबा 'म्हातारा' म्हणायचे. मालकाने भाईंदरच्या भांडीवाल्यांची कामं धरली. वाट्या, डबे, पेले, तांबे. बाबांचं तोवरचं काम बाहेरून टर्निंग करायचं, आता ते आत शिरलं. त्यांच्या तोंडी हे वाक्य नेहमी असायचं: बाहेरचं काम डोळ्याचं, आतलं काम हाताचं.

मे महिन्याच्या सुट्टीत डबा घेऊन जायचं काम माझं. चाळीतून निघून रेल्वेचा पूल ओलांडला की कंपाउंडचा वास लागायचा: कापताना टूलवर सोडायच्या कूलंटचा आंबट-दुधाळ वास, त्यात तापलेलं तेल आणि शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग. पायाखाली लोखंडाचा कीस कुरकुरायचा. चप्पल पातळ असली तर टोचायचा, म्हणून मी शाळेचे बूट घालून जायची. किसाचे रंग मला पाठ होते. पांढुरका कीस म्हणजे काम निवांत चाललंय, पिवळसर म्हणजे वेग धरलाय, निळाजांभळा म्हणजे चांगलाच तापलाय. निळा कीस मला फार आवडायचा. मोरपिसासारखा दिसायचा, पण उचलायची सोय नाही. बोट कापतं आणि भाजतंही.

डाय म्हणजे काय, तर जाड पोलादी कडं. पत्र्याची गोल चकती वर ठेवायची, वरून पंच, म्हणजे वाटीच्या आतल्या आकाराचा ठोकळा, दाबला की चकती त्या कड्याच्या भोकातून आत ओढली जाते आणि वाटी होऊन खाली येते. पत्रा 0.6 मिलिमीटर असेल तर पंच आणि डाय यांच्यात दर बाजूला त्याहून साधारण दहा टक्के जास्त जागा ठेवतात, म्हणजे 0.66. जागा कमी पडली तर पत्रा घासत, ताणत जातो. जास्त झाली तर वाटी नीट बसत नाही, भिंत ढिली येते. आणि भोकाच्या तोंडाशी गोलाई लागते, धारदार कड ठेवली तर पत्रा तिथेच फाटतो. ही गोलाई काढताना बाबा दोन्ही हातांनी दोन चाकं एकाच वेळी फिरवायचे, एक आत, एक बाजूला, आणि मध्येच थांबून पत्र्याचा कापलेला गेज लावून उजेड कुठून येतो ते बघायचे.

दारूखान्याच्या लोखंड बाजारातून एचसीएचसीआरचा, म्हणजे जास्त कार्बन-क्रोमियमच्या पोलादाचा, गोल तुकडा कापून यायचा. तो चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरायचा, मधोमध फिरतोय का ते बघायला डायल लावून काटा हलायचा थांबेपर्यंत चारही जबडे थोडे सैल, थोडे घट्ट. मग ड्रिल, मग बोअरिंग, म्हणजे भोक आतून कापून मोठं करणं. बोअरिंग बार म्हणजे एका टोकाने धरलेली काठी, पुढच्या टोकाला टूल. एका टोकाने धरलेली वस्तू लवणारच. बार जितका बाहेर काढाल तितका लवतो, आणि साधासरळ हिशेबाने लवत नाही: लांबी दुप्पट केली की लवणं आठपट. म्हणून पोलादी बार जाडीच्या चौपटीपलीकडे बाहेर काढायला बाबा राजी नसायचे. काढला की टूल किंचाळायचं. ती किंचाळी मला चाळीपर्यंत आठवायची. भोकात नजर टाकली तर माशाच्या खवल्यांसारखे ठसे उमटलेले दिसायचे. पुढे कधीतरी वाचलं, की वॉटच्या वाफेच्या इंजिनाला नीट सिलिंडर मिळत नव्हता, आणि 1775 च्या सुमारास जॉन विल्किन्सनने बार सिलिंडरच्या आरपार घालून दोन्ही टोकांना आधार दिला, तेव्हा ते काम जमलं. बाबांना सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "दोन्हीकडून धरलं की कोण लवतंय?" एवढंच म्हणाले.

शेवटचा कट झाला की बाबा तोच कट पुन्हा मारायचे. काटा न हलवता, टूल पुढे न सरकवता. बघणाऱ्याला वाटायचं हवेत फिरवतायत. पण टूल आत गेलं की बारीक कुरकुर ऐकू यायची, धुळीसारखा कीस पडायचा. पहिल्या वेळी बार लवून मागे सरकलेला असतो, त्यामुळे टूल चुकवून गेलेलं थोडं पोलाद अजून तिथेच असतं. मग मात्र बाबा मोजायचे नाहीत. लेथ बंद करून चहाला जायचे. मालक चिडायचा. बाबांचं म्हणणं, जॉब (लेथवर लावलेला तुकडा) गरम आहे, आत्ता मोजला तर खोटं बोलेल. हे अक्षरशः खरं आहे, मी नंतर गणित करून पाहिलं. वाटीच्या डायचं नव्वद मिलिमीटरचं भोक वीस डिग्रीने जास्त तापलेलं असेल तर ते साधारण वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, मोठं भरतं. डायलवर काट्याची दोन घरं. आणि शेवटच्या पॉलिशला बाबा शिल्लक ठेवायचे तीच मुळी दोन-तीन घरं. जगभर मोजमाप 20 डिग्री सेल्सिअसचं धरतात. मेच्या दुपारी पत्र्याच्या छपराखालच्या गाळ्यात वीस डिग्री कुठून आणणार? बाबा आदल्या रात्रीपासून भोक मोजायचं बोअरगेज आणि जॉब एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवायचे. दोघंही सारखेच तापलेले असले की भांडण मिटतं.

भांड्याच्या डायला एवढं कोण बघतं, असं मालक म्हणायचा. व्यवहाराने त्याचं चुकत नव्हतं. एका डायमागे बाबांचा अर्धा दिवस जास्त जायचा आणि त्याचे पैसे कुणी देत नव्हतं. घरी आईही हेच बोलायची. मीसुद्धा एकदा बोलले होते, कॉलेजच्या फीचा विषय निघालेला असताना. त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत. अजून आठवलं की घशाशी येतं.

पुढचा टप्पा हार्डनिंगचा, डाय कडक करण्याचा. डाय भट्टीवाल्याकडे जायची, हजार डिग्रीच्या वर तापायची, थंड होऊन, पुन्हा हलकीशी भाजून काळी पडून परत यायची. जाताना टूलपुढे मुकाट कापली जाणारी डाय परत आल्यावर कानशीला दाद द्यायची नाही, कानस तिच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरायची. आणि भोक केसभर वाकडं झालेलं असायचं. आगीतून गेलेलं कोण जसंच्या तसं परत येतं! मग टूलपोस्टवर छोटा ग्राइंडर बसवून आतून घासणं सुरू. त्या दिवशी बाबा घरून आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे न्यायचे, ओले करायचे आणि लेथच्या बेडवर घट्ट अंथरून बांधायचे. ग्राइंडिंगची धूळ बेडवर पडली तर लेथ झिजतो. म्हाताऱ्याला जपायला हवं. लुगड्याचा तो हिरवा काठ लेथवर बघून मला दसरा आठवायचा. खंडेनवमीला असाच धुऊनपुसून, चकला झेंडूची माळ घालून म्हातारा उभा असायचा, आणि त्या दिवशी कुणी त्याला हात लावायचा नाही.

मग पॉलिश. इथे मला काम असायचं.

पॉलिश पेपरच्या पट्ट्या कापून द्यायच्या: 220, 320, 400, 600, आकडा मोठा तितका पेपर बारीक. लाकडी दांड्याला टोकाशी चीर पाडलेली, तिच्यात पट्टी अडकवून गुंडाळायची. फिरत्या भोकात बोट कधीही घालायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग पुन्हा कधी सांगावं लागलं नाही, कारण शेजारच्या लेथवरच्या काकांच्या उजव्या हाताला तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. दुसरा नियम हात धुण्याचा. एक पेपर संपला की डाय रॉकेलने धुवायची, चिंधी बदलायची, आणि साबणाने हात धुऊन मगच पुढच्या पेपरला हात लावायचा. 220 चा एक कण जरी 600 च्या वेळी बोटाला चिकटून राहिला, तर तो एकटा सगळं काम नासवतो. बाबा माझे हात उलटे करून नखांत बघायचे. शाळेतल्या बाईंनी कधी इतकी नखं तपासली नाहीत.

शेवटी डायमंड पेस्ट, वाटाण्याएवढी. मी अकरा वर्षांची असताना बाबांनी एकदा लेथ थांबवून डाय माझ्यापुढे धरली. आत ट्यूबलाइट दिसत होती, माझा एक डोळा दिसत होता. इतकं सुंदर काही मी त्या गाळ्यात पाहिलं नव्हतं. "झालं?" मी विचारलं. "आता काम," असं म्हणत बाबांनी डाय चकमधून काढली, मांडीवर गोणपाट टाकून त्यावर ठेवली, आणि दांड्याला नवी पेस्ट लावून वर-खाली, वर-खाली, सरळ रेषेत घासायला लागले. लेथवर केलेलं आरशासारखं पॉलिश माझ्या डोळ्यांदेखत फिकट झालं. मला रडू यायचं बाकी होतं. एवढं चकाकतंय ते का बिघडवता, असं मी विचारलं, तर घासणं न थांबवता म्हणाले, "लेथवर जॉब गोल फिरतो, म्हणून रेघा गोल पडतात. तुला दिसत नाहीत, पत्र्याला कळतात. पत्रा वरून खाली जाणार, रेघा आडव्या. प्रत्येक रेघेला तो अडणार, तिथे बारीक बारीक चिकटणार. चिकटलेला कण पुढच्या वाटीला ओरखडणार. भांडं ज्या वाटेनं जाणार, त्याच वाटेनं घासायचं."

स्टेनलेसचा हा स्वभाव आहे. दाबाखाली तो पोलादाला चिकटतो. एकदा चिकटला की तिथे खडबड होते, खडबडीला आणखी चिकटतो, आणि मग निघेल त्या प्रत्येक वाटीवर रेघ.

तासभर घासल्यावर बाबा डोळे मिटायचे. अंगठ्याचं नख भोकाच्या तोंडातून आत फिरवायचे, गोल, अगदी हलकं. मग डाव्या हाताची अनामिका आत घालायचे. तीच का, तर त्या बोटाला रोजचं काम कमी, त्याची कातडी मऊ. बाकीची बोटं अशी होती की आईच्या नायलॉनच्या साडीला हात लागला तरी धागा ओढला जायचा, आणि थंडीत माझी वेणी घालायला बसले तर केस अडकायचे. त्याच हातांना डोळ्याला न दिसणारी रेघ कळायची. नखाने बघून झालं की डाय माझ्याकडे यायची. "लागते का बघ." मी नख फिरवायची, खूप गंभीर चेहरा करून. बहुतेक वेळा काही लागायचं नाही. एकदा लागलं. मी म्हणाले, "इथे." बाबांनी त्या जागी पुन्हा नख नेलं, डायला खडूने खूण केली आणि डबा बाजूला ठेवून परत 600 पासून सुरुवात केली. त्या दिवशी मालकाची बोलणी खाल्ली. येताना मला लालबागला ऊसाचा रस पाजला.

म्हणून परवा त्यांनी वाटी पुढे केली तेव्हा मला वाटलं, जुनी सवय.

गेल्या वर्षी साखरेमुळे डॉक्टरांनी पाय तपासले होते. बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ धागा तळपायाला निरनिराळ्या ठिकाणी टेकवत विचारत गेले, "लागतंय का?" बाबा दर वेळी "हो" म्हणत होते. मी शेजारी उभी होते. दोनदा ते "हो" म्हणाले तेव्हा धागा हवेतच होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे. हातांचा विषय निघाला नाही, आम्हीही काढला नाही. त्यानंतर बाबा शर्टाची बटणं लावायला वेळ घ्यायला लागले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. मी म्हटलं, वय.

रविवारी रात्री ओट्यापाशी उभी असताना हे सगळं एकापुढे एक लागत गेलं. त्यांनी तीन वाट्या पाहिल्या होत्या. एकीवर लागलं, खात्री होईना. दुसरी, तिसरी. मग मला विचारलं. माझी परीक्षा घेत नव्हते ते, मदत मागत होते. आणि त्यांच्या नखाने बरोबर सांगितलेली गोष्ट मी खोटी ठरवली. हळदीकुंकू होऊन गेलं तरी त्यांनी वाट्यांचं नाव काढलं नाही. एरवी नवीन भांडं घरात आलं की ते उलटंपालटं करून बघणारे बाबा. शनिवारी कुणीतरी तांब्या आणला होता, तो समोर तीन तास होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

सोमवारी सकाळी मी दोन्ही वाट्या घेऊन त्यांच्यापाशी बसले. "बाबा, रेघ आहे," मी म्हणाले. त्यांनी पेपर खाली केला. "कसली?" मी वाटी दिली. त्यांनी ती तळव्यात धरली, डोळे मिटले आणि नख टेकवून फिरवायला सुरुवात केली. खूप वेळ लावला. पूर्वी जे एका फेरीत व्हायचं त्याला तीन फेऱ्या लागल्या. मग थांबले, माझ्याच जागी थांबले.

"काठाकडे जास्त लागते की बुडाकडे?"

"काठाकडे."

"म्हणजे डायच. काठाचा पत्रा डायवरून सगळ्यात लांब घासत येतो ना." मग थोड्या वेळाने, "आडवं पॉलिश ठेवलंय कुणीतरी. लेथवरून काढून तसंच दिलंय." आवाजात राग नव्हता. कुठल्यातरी गाळ्यात, कुणीतरी पोरगा, मालक मागे उभा, चकाकतंय ना मग झालं: त्यांना ते सगळं दिसत असावं.

"बाबा, त्या रात्री मी हात लावलाच नव्हता. न बघता सांगितलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुझ्या हाताला गूळ होता." वाटी त्यांनी मांडीवर उलटी ठेवली, पुसली. "पण मला वाटलं, तुला नुसतं बघूनच कळलं असेल. डोळे चांगले आहेत तुझे."

मला बोलता येईना. त्यांनी दुसरी वाटी उचलली, नेहमीसारखी उजव्या तळव्यात, आणि माझ्यापुढे धरली.

"ही बघ. ह्याच्यावर मला दोन वाटतायत, एक मोठी आणि तिच्या शेजारी बारीक." मी हात पुढे केला, तर त्यांनी वाटी जराशी मागे घेतली.

"हात धुतलेस?"